शेवटच्या नंबराचा सत्कार

ते काम माझ्या वाट्याला आलं तेव्हा मला इतका राग आला की समोरचा चहा तसाच टाकून मी उठले. बारा वर्षं मी गाडी चालवतेय. शिक्रापूरला खोल्या घेऊन राहणाऱ्या बायकांना कंपनीत न्यायचं, शिफ्ट सुटली की परत आणून सोडायचं. सतरा सीटांची गाडी, आणि रस्ता कसला, तर पुढं कंटेनर, मागं ट्रक आणि समोरून उलटा येणारा टेम्पो. बारा वर्षांत माझ्या गाडीतल्या एकीलाही खरचटलं नाही. आणि आमच्या कंत्राटदाराला सायकल शर्यतीसाठी गाड्या द्यायच्या होत्या, तेव्हा त्यानं पुढच्या सगळ्या गाड्या गड्यांना वाटल्या आणि सगळ्यात मागची मला दिली.

शर्यत आठवडाभराची होती. रोज एक टप्पा, रोज वेगळा रस्ता, देशोदेशीचे सायकलवाले. सायकल चालवणं हाच ज्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे अशी माणसं. त्यांच्यासाठी आमच्याकडचे रस्ते महिनाभर आधीपासून असे गुळगुळीत केले की लोक म्हणायला लागले, ही शर्यत दर महिन्याला ठेवा. तर या शर्यतीच्या शेपटाला एक रिकामी गाडी चालते. ज्याच्या अंगातलं बळ संपलं त्यानं सायकल सोडायची आणि तिच्यात बसायचं. बसला की त्याची शर्यत संपली. मागं राहिलेलं झाडून आणायचं, म्हणून तिचं नावच झाडूगाडी.

"झाडू बाईच्याच हातात शोभतोय," आमच्यातला एक ड्रायव्हर म्हणाला. बाकीचे दात काढून हसले.

"शोभतोय ना? मग पाठीत बसला तर तक्रार करू नका," मी म्हणाले. पण आतून मला फार लागलं होतं. इतकं की घरी मी खरं सांगितलंच नाही. दौंड तालुक्यात, भीमेच्या पलीकडं आमचं गाव आहे. तिथं सासरे असतात, मोठे दीर-जाऊ असतात. सासऱ्यांना मी आबा म्हणते. त्यांनी फोनवर विचारलं, "शर्यतीत कुणाची गाडी चालवतीस गं?" मी ठोकून दिलं, "मोठ्या साहेबांची." आबा लगेच, "वा! शाबास." झालं, गावभर झालं.

पहिल्या दिवशी कळलं की माझ्या शेजारच्या सीटवर एक पंच बसणार. उत्तरेकडची बाई, केस बारीक कापलेले, गळ्यात घड्याळ, कानात वायरलेस. मराठी तिला येत नव्हतं. पण माझ्या गाडीतल्या निम्म्या बायका बिहार-युपीच्या, त्यामुळं माझी हिंदी चांगली पळते. तिनं पहिलंच वाक्य काय म्हणावं? "गाड़ी उनके बहुत पास नहीं लेनी, और रोना नहीं." मी मनात म्हटलं, रडायला काय झालं? मी काय लग्नाला चाललेय?

त्या दिवशी दुपारपर्यंत चौघं गाडीत आले. पहिला आला तो विशीतला गडी होता, ओठ पांढरे पडलेले. पंचबाई खाली उतरली, त्याच्या पाठीवरचा नंबर लावलेल्या पिना एकेक करून काढल्या, नंबरचा कागद घडी घालून खिशात ठेवला. बस. एवढंच. तो मागच्या सीटवर जाऊन बसला आणि खिडकीला डोकं लावून हुंदके द्यायला लागला. मी आरशात बघायचं नाही असं ठरवलं आणि बघतच राहिले. माझ्या डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते. एक त्याच्या हातात दिला. त्यानं तो रडत रडतच खाल्ला आणि दुसरा मागितला. त्या गाडीवरचा माझा राग उतरला तो तिथं. वाटलं, ज्याला कुणी बघणार नाही त्याच्या मागं जायला कुणीतरी पाहिजेच की.

तिसऱ्या दिवशी पाव्हणा आमच्या पुढं आला. त्याचं नाव पंचबाईनं दोन-तीनदा सांगितलं, माझ्या जिभेला काही वळेना, म्हणून मी त्याला पाव्हणा म्हणायला लागले. कुठल्याशा बर्फाच्या देशातला. बाकीचे सगळे पोरसवदा, हा अडतीस वर्षांचा. दाढीत पांढरे केस दिसत होते. एका उतारावर दहा-पंधरा जण एकमेकांवर पडले, त्यात हाही होता. डावा गुडघा सोलून निघालेला, कोपराला पट्टी. बाकीचे उठून गेले, हा मागं राहिला. पंचबाईनं खिडकीतून इंग्रजीत विचारलं, बसतोस का. त्यानं मान हलवली आणि बोटानं पुढचा रस्ता दाखवला.

"सोलह साल से रेस करता है," पंचबाई मला म्हणाली. "एक बार भी इस गाड़ी में नहीं बैठा. और यह उसकी आख़िरी रेस है. इतवार को ख़त्म, फिर साइकिल छोड़ देगा."

मग तिनं मला मुदतीचं गणित समजावलं. नुसतं पोचून भागत नाही. टप्प्यात पहिला येणारा जेवढा वेळ घेईल, त्यावर थोडा वाढीव वेळ धरायचा. तेवढ्यात जो पोचला तो उद्या निघणार. एक सेकंद उशीर झाला तरी नाव कापलं, मग स्वतः सायकल मारत आला असला तरी गाडीत बसल्यात जमा. सोळा वर्षं जो माणूस गाडीत बसला नाही, तो शेवटच्या आठवड्यात माझ्या गाडीत बसणार? मी देवाला सांगितलं, माझी गाडी रिकामी राहू दे. आयुष्यात पहिल्यांदा मी रिकाम्या गाडीसाठी हात जोडले.

तीन दिवस मी त्या पाठीच्या मागं होते. नवऱ्याची पाठ मी एवढी पाहिली नसेल. चढ आला की त्याचा उजवा खांदा खाली जायचा. दम लागला की मान डावीकडं कलायची. मी काचेच्या आतून बोलत राहायची: "चला पाव्हणं, थोडंच हाय... तिथं वळण हाय, दमानं घ्या... आरं, पाणी प्या की!" पंचबाई आधी माझ्याकडं बघायची, मग बघायचं सोडून दिलं. रोज तो मुदतीच्या आत पोचायचा, थोडक्यात. पोचल्यावर मी दिसले की माझ्याकडं बघून दोन बोटं कपाळाला लावायचा.

पाचव्या दिवशी संध्याकाळी फोन केला. दुसऱ्या दिवशी शर्यत आमच्याच भागातून जाणार होती: कोरेगाव भीमा, शिक्रापूर, शिरूर, तिथून न्हावऱ्याकडं, भीमेच्या पुलावरून आमचं गाव, मग चौफुला, पाटस, कुरकुंभ करत दौंडात शेवट. पंचबाई म्हणाली होती, रविवारचा टप्पा पुण्यात, छोटा आणि सपाट, "कल निकल गया तो समझो निकल गया." मी घरच्यांना म्हणाले, "उद्या माझ्या गाडीच्या म्होरं जो आसंल ना, त्याला नीट बघून घ्या. आपला माणूस हाय तो."

"तुझ्या गाडीच्या म्होरं?" आबांनी विचारलं.

"व्हय. मी रोज त्याच्याच मागं आसते."

आता यात माझी चूक काय झाली ते कळायला आमचे आबा माहीत पाहिजेत. आबांना सत्काराचं वेड आहे. दहावीच्या पोरांचा सत्कार तर सगळेच करतात. आबा तलाठी बदलून आला तरी सत्कार करतात आणि बदलून गेला तरी करतात. बोअरला पाणी लागलं तर बोअर पाडणाऱ्याचा. त्यांच्या कपाटात पुढच्या सत्कारांच्या पाच-सहा शाली नेहमी तयार असतात. माणूस गावातून जातोय आणि त्याच्या अंगावर शाल पडली नाही, हे त्यांच्या मते गावाला शोभत नाही.

सहाव्या दिवशी पाव्हण्याचं नशीब सकाळपासूनच फिरलं. शिक्रापूरच्या पुढं चाक बसलं. ते बदलून निघतोय तोच शिरूरच्या अलीकडं दुसरं बसलं. त्यांच्या संघाची गाडी चाक देऊन पुढच्यांकडं गेली, आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा उसाच्या शेतांमधून तो, त्याच्यामागं मी, माझ्यामागं अँब्युलन्स, एवढीच वरात उरली होती. पंचबाई सारखी घड्याळ बघत होती. "मुश्किल है," ती म्हणाली. "पर हो सकता है. रुकना नहीं चाहिए, बस."

रुकना नहीं चाहिए. आणि भीमेचा पूल ओलांडून आम्ही गावात शिरलो.

आमच्या गावानं काय केलं होतं म्हणता! रस्त्यावर इकडून तिकडं रांगोळी, कमान, मंडप, हलगीवाले, झेडपीच्या शाळेतली लेझीम. मुख्य घोळका अर्ध्या तासापूर्वी येऊन गेला होता. पण तो घोळका म्हणजे शंभर सायकली, डोळ्याची पापणी लवेपर्यंत गेल्यासुद्धा. आबा हार घेऊन उभे, तो हार तसाच हातात. गावाचा जीव हळहळला असणार. आणि मग लांबून काय दिसलं त्यांना? एकच माणूस येतोय. बाकी रस्ता मोकळा. त्याच्यामागं सूनबाईची गाडी, म्हणजे मोठ्या साहेबांची. तिच्यामागं दिवा लावलेली अँब्युलन्स. आमच्याकडं ज्याच्यामागं गाड्या असतात तोच सगळ्यात मोठा. कुणाच्या मनात शंका यायचं कारणच नव्हतं.

पांढराशुभ्र नेहरू शर्ट घातलेले आबा दोन्ही हात जोडून रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले.

मी हॉर्न वाजवला. हलगीवाल्यांना वाटलं मी ताल धरला, त्यांनी आणखी जोर केला. पाव्हणा काय करणार? म्हातारा माणूस हात जोडून समोर उभा, त्याच्या अंगावर घालणार का? त्यानं ब्रेक दाबला आणि पाय खाली टेकवला.

पुढं जे झालं ते मी गाडीत बसून बघितलं. हार पडला. शाल पडली. नारळ हातात दिला, तो त्यानं पाण्याची बाटली समजून सायकलच्या कडीत बसवायचा प्रयत्न केला. फेटा बांधणारे मामा आले, त्यांनी त्याचं हेल्मेट काढून कुणाच्यातरी हातात दिलं आणि निवांत फेटा गुंडाळायला सुरुवात केली, नवरदेवाला बांधतात तसा, पाठीवर शेमला सोडून. मोठ्या जाऊबाई ओवाळायला आल्या, पण वाऱ्यानं निरांजन विझलं. विझल्या दिव्यानं ओवाळायचं कसं? काडेपेटी शोधा. काडेपेटी सापडली, दिवा लागला, पुन्हा विझला. पंचबाई "हटिए, हटिए" म्हणत खाली उडी मारून गेली, तर बायकांनी तिच्याही कपाळाला कुंकू लावलं आणि तिच्या ओटीत नारळ घातला. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला टोपी मिळाली. पाव्हण्यानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. त्याला बिचाऱ्याला वाटत असणार, हेही नियमात असेल. आणि आबांनी माइक हातात घेतला, "दोन शब्द बोलतो" म्हणून.

आबांचे दोन शब्द मला माहीत आहेत. माझ्या लग्नातले दोन शब्द संपेपर्यंत पंगतीतला भात गार झाला होता.

एकोणीस वर्षं मी त्या घरात नांदतेय. आबांसमोर मी कधी मोठ्यानं बोलले नाही. भीती म्हणून नाही. त्यांनी मला गाडी शिकायला पाठवलं होतं, गावानं तोंडं वाकडी केली तेव्हा तेच मधे उभे राहिले होते. त्यांच्यापुढं आवाज चढवायचा हे माझ्या मनातच आलं नव्हतं कधी. पण त्या क्षणी माझं डोकं असं फिरलं, की मी गाडीतून उतरले, गर्दीतून घुसले आणि आबांच्या हातातला माइक ओढून घेतला.

"आबा, बास करा! सोडा त्याला."

कर्ण्यातून माझा आवाज मलाच ओळखू येईना. हलगी थांबली.

"ह्यो पहिला न्हाई," मी म्हणाले. "ह्यो शेवटचा हाय. सगळ्यांच्या मागं. आन् माझी गाडी बी साहेबाची न्हाई. जो दमून पडतो त्याला उचलून आणायची गाडी हाय ती. मी खोटं बोलले तुमच्याशी. ह्यो दौंडात येळंवर पोचला न्हाई तर त्याला माझ्या गाडीत बसावं लागंल, आन् सोळा वर्षांत त्यो कवा बसला न्हाई. ही त्याची शेवटची शर्यत हाय. तुम्ही त्याला इथं धरून ठेवलाय."

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी आणि मी गाडीसकट आत जावं.

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग पंचबाईकडं वळले. "किती टाइम खाल्ला आमी?"

"चार मिनट," ती म्हणाली.

आबांनी पुढं होऊन स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यातला हार काढला. शाल काढली. फेटा उलगडायला मामा लागलेच होते. तो कापडाचा पट्टा संपता संपेना. कुणीतरी हेल्मेट आणून दिलं. दोन-चार जवान गडी पुढं झाले, "ढकला रं मागनं, पार चौफुल्यापतूर नेऊ," म्हणून. पंचबाई किंचाळली, "हात नहीं लगाना! हात लगाया तो वह बाहर!"

आबांनी माझ्या हातातून माइक परत घेतला. "कुणीबी हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "समद्यांनी हात मागं बांधा. ए, लेझीमवाल्यांनो, तुमी बी."

आणि सबंध गावानं हात मागं बांधले. म्हातारी माणसं, बाया, हलगीवाले, सगळे. पाव्हणा त्या दोन रांगांच्या मधून निघाला, कपाळावर कुंकवाचा टिळा तसाच, आणि लोक हात मागं धरून माना पुढं काढून ओरडत होते. मी गाडीत बसले आणि चावी फिरवली. आबांच्या तोंडाकडं बघायची माझी छाती झाली नाही.

पंचबाईनं वायरलेसवर मोठ्या पंचांना सगळं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, लिहून द्या, पण मुदत तीच राहील. तिनं ओटीतला नारळ पायाशी ठेवला आणि म्हणाली, "आपके ससुर ने मार डाला."

"माझ्या सासऱ्यानं न्हाई, मी मारलं," मी मराठीतच म्हणाले. तिला कळलं.

चौफुल्याच्या अलीकडं पहिली वाडी लागली तेव्हा मला आधी समजलंच नाही काय चाललंय. रस्त्याच्या दोन्ही बाजूला माणसं उभी, आणि सगळ्यांचे हात मागं. ट्रॅक्टर बाजूला घेतलेले. एक मोठी आजी, तिचा हात मागं पोचत नव्हता, तर तिनं पदराखाली लपवला होता. पुढच्या वस्तीवरही तेच. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गावाची सोयरीक या रस्त्यावर घरटी आहे. कुणाची बहीण चौफुल्याला, कुणाचा मामा पाटसला, कुणाचा जावई कुरकुंभला कंपनीत. आबांनी सगळ्यांना फोनवर बसवलं होतं: शेवटचा येतोय, आपला माणूस हाय, अडवू नका, शिवू नका, वरडा मात्र. एका शाळेपुढं सगळी पोरं हाताची घडी घालून रांगेत उभी होती आणि जीव खाऊन ओरडत होती. गुऱ्हाळावरची माणसं काकवीनं चिकट झालेले हात मागं धरून उभी.

पाव्हणा आधी बावचळला. हे कसलं गाव, सगळ्यांचे हात कुणी बांधलेत? मग त्याला उमगलं असावं, कारण त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. वळणावर त्याचं तोंड दिसलं तेव्हा कळलं, हसत होता. चार दिवसांत पहिल्यांदा मी त्याचे दात बघितले. आणि हसता हसता त्याचा पाय असा चालायला लागला की मला गिअर वर टाकावा लागला.

पाटसच्या पुढं मात्र वारा समोर आला. मोठा रस्ता, आडोसा नाही. पहिला नंबर दौंडात पोचल्याचं वायरलेसवर आलं, पंचबाईनं वहीत आकडे मांडले आणि मला दाखवले. एवढा रस्ता, एवढी मिनिटं. बसत नव्हतं. थोडक्यात, पण बसत नव्हतं. त्याची मान डावीकडं कलली होती. माझ्या मनात पाप आलं. नुसतं जरा पुढं जायचं, गाडी त्याच्या तोंडापुढं धरायची. वारा माझी गाडी खाईल, त्याला आपोआप वेग येईल. कोण बघतंय? माझा हात गिअरवर गेला.

"सोचना भी मत," पंचबाई पुढं बघतच म्हणाली.

मी हात काढला आणि काच खाली केली. ओरडायला कुठं बंदी होती? कुरकुंभपर्यंत मी काय काय ओरडले ते मला आठवत नाही. पोरांना शाळेत उशीर होतो तेव्हा जे बोलते ते सगळं बोलले. थोड्या वेळानं बघते तर पंचबाईनंही तिची काच खाली केली होती. कुरकुंभला केमिकलचा तो वास आला आणि कंपन्यांच्या फाटकांपुढं शिफ्टची माणसं उभी दिसली. डोक्यावर पिवळी हेल्मेट, हात मागं. निम्मी तिकडची, हिंदी बोलणारी. त्यांनाही कुणीतरी सांगितलंच होतं. "चलो भैया, चलो!" असा एकच गलका. तिथून रस्ता दौंडाकडं वळतो. वारा बाजूला गेला. पाव्हणा उभा राहिला पायडलवर आणि मग तो बसलाच नाही.

दौंडात शिरलो तेव्हा पंचबाई मोठ्यानं सेकंद मोजत होती. शेवटच्या वळणाला मला बाजूला घ्यायला लावतात. गाडीनं रेषा ओलांडायची नसते. त्यामुळं तो रेषेवरून गेला तेव्हा मला दिसलाच नाही. नुसता लोकांचा आवाज आला. पंचबाई दार उघडून पळाली.

मी गाडी लावून चालत गेले. पाव्हणा रस्त्यावरच बसला होता, सायकल शेजारी आडवी, डोकं गुडघ्यांत. त्याच्या संघाचा एक माणूस पाण्याची बाटली घेऊन उभा. तो मुदतीत आला की नाही, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पंच लोक टेबलावर वाकून आकडे जुळवत होते. मग पंचबाईनं टेबलापासून मान वर केली, गर्दीतून मला शोधलं, आणि अंगठा आणि बोट चिमटीसारखं धरून दाखवलं. एवढंसं. पण आत. अर्ध्या मिनिटानं आत.

त्याला सांगायचं कसं? इंग्रजी मला येईना, येतं तेवढंही तोंडातून फुटेना. मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले. सबंध रस्ताभर कुणी त्याला हात लावला नव्हता. आता लावायला हरकत नव्हती. मी दोन्ही हात त्याच्या तोंडावरून उतरवले, घाम, धूळ, कुंकू सगळं हाताला लागलं, आणि स्वतःच्या कानशिलावर नेऊन बोटं मोडली. दहाच्या दहा कडाकडा मोडली. त्यानं माझ्या बोटांकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं, आणि त्याला कळलं. त्यानं माझे हात धरून आपल्या डोळ्यांवर दाबले. पंचबाईनं पहिल्याच दिवशी रडायचं नाही म्हणून सांगितलं होतं. ती शेजारी उभी राहून बाहीला नाक पुसत होती.

खिशातला फोन वाजला. आबा होते. मागं मंडपातला गलका ऐकू येत होता. कुणी घरी गेलंच नव्हतं.

"कितवा आला?" त्यांनी विचारलं.

"शेवटचा आला, आबा."

"येळंत?"

"येळंत."

पलीकडं आबांनी माइक मागितल्याचं ऐकू आलं. मग त्यांनी फोन हातात तसाच धरून माइकवर सांगितलं. एकच वाक्य बोलले, त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण: "मंडळी, आपल्या सूनबाईचा माणूस शेवटचा आला." आणि हलगी कडाडली. मी फोन पाव्हण्याच्या कानाला लावला.